नाहीसे झालेले विमान आणि लोकांचे तर्क

मृत्यू आणि नाहीसे होणे या दोन गोष्टी वरवर पाहता सारख्याच भासतात. परंतु मागे राहिलेल्या माणसांच्या दृष्टीने त्यांत महदंतर आहे. मृत्यूला तिथी असते, स्थळ असते, साक्षीदार असतात. रडून झाल्यावर करावयाची कर्तव्ये शास्त्राने व रूढीने नेमून दिलेली असतात. जो नाहीसा झाला त्याच्या घरी यांतील काहीच नसते. तेथे शोक करावा तर आशा आडवी येते, आणि आशा धरावी तर जग कीव करू लागते. अशा घराच्या उंबरठ्यावर सर्वांत आधी येऊन उभा राहतो तो लोकांचा तर्क. या तर्काची उत्पत्ती कशी होते, तो कोणाच्या उपयोगी पडतो आणि कोणाचा घात करतो, याचा थोडासा ऐतिहासिक विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

विषयाला निमित्त आहे ते मलेशियाच्या एका प्रवासी विमानाचे. २०१४ सालच्या ८ मार्चला, मध्यरात्र उलटून पाऊण तासही झाला नव्हता अशा वेळी, क्वालालंपूरहून पेकिंगकडे एक बोइंग ७७७ जातीचे विमान निघाले. त्यांत २२७ उतारू व १२ नोकरवर्ग मिळून २३९ माणसे होती. उतारूंपैकी पाच जण भारतीय होते. १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिकाच्या दालनातून शेवटचे शब्द आले. त्यानंतर दोन मिनिटांतच विमानाची ओळख पटवणारे ट्रान्सपॉन्डर नावाचे यंत्र मुके झाले, आणि नियंत्रकांच्या पडद्यावरील ठिपका मावळला. लष्करी रडारच्या नोंदींवरून पुढे असे दिसून आले की, विमान मागे वळले, मलाया द्वीपकल्प ओलांडून पश्चिमेस गेले, आणि २ वाजून २२ मिनिटांनी अंदमान समुद्रावर त्याही दृष्टीच्या पलीकडे गेले.

एवढ्यावर सारे थांबते तर माग संपला असता. परंतु विमानातील एक यंत्र आकाशातील उपग्रहाच्या हाकेला सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत मधूनमधून ओ देत राहिले होते. त्या उत्तरांत संदेश असा काहीच नव्हता. तथापि उत्तर पोहोचण्यास किती वेळ लागला यावरून विमान उपग्रहापासून किती दूर होते हे काढता येते. आणि वरठीच्या फलाटावर उभे असता जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी जशी चढी व दूर जाणारीची उतरती ऐकू येते, तशाच स्वरभेदावरून ते कोणत्या दिशेस चालले होते याचेही अनुमान करता येते. या गणिताने विमानाचा शेवट हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, मनुष्यवस्तीपासून अतिदूर झाला असे ठरले. २०१५ सालच्या जुलैअखेर रियुनियन बेटाच्या किनाऱ्यास त्याच्या पंखाचा एक भाग लागला, तेव्हा गणिताला साक्षीदारही मिळाला. पुढे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणखी तुकडे सापडले. परंतु मुख्य सांगाडा सापडला नाही. २०१७ च्या जानेवारीत थांबवलेल्या शोधात समुद्रतळाचा १,२०,००० चौरस किलोमीटर प्रदेश धुंडाळला गेला. म्हणजे आमच्या भंडाऱ्याएवढे पंचवीस-तीस जिल्हे पाण्याखाली दिव्याने चाचपून पाहिल्यासारखे झाले. २०१८ त एका खाजगी कंपनीने आणखी लाखाहून अधिक चौरस किलोमीटर तळ तपासला. फळ शून्य.

आता लोकांकडे वळू. भंडारा जिल्हा समुद्रापासून शेकडो मैल आत. येथील धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या माणसाला विमान म्हणजे आभाळावर ओढली जाणारी एक पांढरी रेघ. तरी त्या मार्च महिन्यात पानाच्या ठेल्यापासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत आम्ही जे ऐकले ते जगातील कोणत्याही शहराला शोभण्यासारखे होते. विमान दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेच्या तळावर उतरवले आहे. ते मध्य आशियात कोठेसे लपवले आहे. अंदमानातील एखाद्या ओसाड बेटावर माणसे जिवंत आहेत. मालात काही गुप्त वस्तू होती. वैमानिकच फितूर होता. लक्षावधी लोक घरबसल्या उपग्रहाची छायाचित्रे पाहत तेलाचे तवंग व पांढरे ठिपके शोधत बसले. खुद्द क्वालालंपूरच्या विमानतळावर एक मांत्रिक नारळ घेऊन अवतरला, त्याची सर्वत्र थट्टा झाली. आम्हांला त्या थट्टेचे नवल वाटते. अंजन घालून हरवलेली वस्तू पाहणारा आमच्याकडील देवऋषी, तो नारळवाला मांत्रिक, आणि धूसर चित्रातील ठिपक्याला विमान म्हणणारा सुशिक्षित गृहस्थ, यांच्या साधनांत भेद असेल. वृत्तीत फारसा नाही.

तथापि या तर्कबाजीचा सर्व दोष लोकांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पहिला आठवडाभर शोधाचे मोठे बळ दक्षिण चिनी समुद्रात खर्च होत होते, आणि विमान पश्चिमेस वळल्याची नोंद मात्र लष्कराच्या दप्तरी होती. विमान कोणी तरी हेतुपुरस्सर वळवले असावे, असे पंतप्रधानांनी जाहीर केले ते १५ मार्चला. आज एक सांगावे, उद्या ते फिरवावे, परवा मौन धरावे, असा क्रम एकदा सुरू झाला म्हणजे पुढे सांगितलेले सत्यही लोकांना सबबीसारखे वाटू लागते. २४ मार्चला विमान बुडाले व कोणीही वाचले नाही, हा निर्णय जाहीर झाला. काही आप्तांना तर तो दूरध्वनीवरील चार ओळींच्या संदेशाने कळवण्यात आला. ज्या वार्तेला पूर्वी गावातील वडीलधारी माणसे घरी जाऊन, धीर देऊन, मग तोंड फोडीत, ती वार्ता यंत्राच्या पडद्यावर आली. अशा वार्तेवर आईचा विश्वास न बसला तर तिला भोळी कोण म्हणेल?

हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. रणांगणावर एक शिरविरहित देह सापडला, तो ओळखला गेला व त्यास अग्नी दिला गेला, असे काशीराजाच्या वृत्तांतात आहे. परंतु तो देह पुण्याच्या कोणी आप्ताने पाहिला नव्हता. वार्ता तुकड्यातुकड्यांनी, उलटसुलट, परक्यांच्या तोंडून दक्षिणेत आली. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशवे पुत्रशोकाने व बंधुशोकाने खचून वारले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी मात्र पतीचे निधन मानलेच नाही. त्या अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे धारण करून राहिल्या. महाराष्ट्रात घरोघर कोणी ना कोणी पानिपताहून परत आला नव्हता. तेव्हा एक भाऊ जिवंत असणे म्हणजे घरोघरचा आपला मनुष्यही जिवंत असण्याची शक्यता शिल्लक राहणे होय. भाऊसाहेबांविषयीच्या कंड्यांचे खरे बळ आमच्या मते येथे होते.

या आशेच्या पोटी तोतया जन्मास आला. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण, चेहऱ्यामोहऱ्याने भाऊंसारखा, उत्तरेत प्रकट झाला. त्यास पकडून आणले, चौकशी झाली, कैदेत ठेवले. पुण्यात बारभाईंचा कारभार चालू असता, १७७६ साली तो रत्नागिरीच्या बंदिवासातून सुटला. त्याचा रखवालदार असलेला अधिकारीच त्यास मिळाला. कोकणातील किल्ले भराभर त्याच्या हाती आले, हजारो लोक त्याच्या निशाणाखाली जमले. अखेर पेशव्यांच्या फौजेने त्याचा मोड केला, पळता पळता तो आंग्र्यांच्या हाती सापडला, आणि त्याच वर्षी पुण्यास त्यास देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या नाटकामुळे ही कथा सुशिक्षित कुटुंबांत सर्वश्रुत आहे.

त्या कथेतील दोन गोष्टींकडे मात्र आमचे लक्ष वेधते. पहिली ही की, तोतयाच्या मागे गेलेले सर्वच लोक फसलेले नव्हते. कित्येकांना तो भाऊ नव्हे हे पक्के ठाऊक असावे. परंतु बारभाईंच्या कारभाराविषयी ज्यांच्या मनात असंतोष होता त्यांना असा भाऊ सोयीचा होता. कंडी पिकवणारा व कंडीवर विश्वास ठेवणारा हे दोन वेगळे मनुष्य असतात. दुसरी गोष्ट अशी की, पुणे दरबाराने निव्वळ हुकमाने हा प्रश्न मिटवला नाही. भाऊंना प्रत्यक्ष ओळखणारी माणसे बोलावली, रामशास्त्र्यांसारख्या न्यायनिष्ठुर पुरुषासमोर तोतयाची पारख केली, आणि मग निवाडा दिला. त्या शिक्षेचे क्रौर्य आज कोणाला रुचणार नाही. परंतु संशय प्रकटपणे तपासल्याखेरीज मरत नाही, एवढे त्या राज्यकर्त्यांना कळत होते.

प्रवासी वाहनच गडप झाल्याचा दाखला हवा असेल तर मुंबई इलाख्यातील ‘वैतरणा’ आगबोटीचा घ्यावा. ठाणे जिल्ह्यातील नदीचे नाव धारण करणारी, मुंबईच्या शेफर्ड कंपनीची ही बोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईस येण्यास निघाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेंहून अधिक माणसे तिच्यावर होती. त्यांत लग्नाची वऱ्हाडे होती, मुंबईस परीक्षेला निघालेले विद्यार्थीही होते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यापुढे वादळात ती गेली ती गेलीच; ना बोट सापडली, ना माणूस. मुंबईत चौकशी झाली. जीव वाचवण्याच्या साधनांची उणीव तिच्यात दिसून आली. पण लोकांच्या स्मरणात चौकशी राहिली नाही, गाणी राहिली. गाण्यांनी बोटीवर तेराशे माणसे बसवली, आणि बोटीला कायमचे नाव दिले ते ‘हाजी कासमची वीजळी’. बोट शेफर्ड कंपनीची. नाव लागले हाजी कासमचे. लोकस्मृतीला कंपनी नको असते, मनुष्य हवा असतो. ‘मंडळाने साधने कमी ठेवली’ या वाक्यावर गाणे होत नाही.

येथवरचे दाखले पाहून कोणी म्हणेल, सांगाडा सापडला असता तर तर्क थांबले असते. तसेही नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनगंगा’ नावाचे बोइंग ७०७ विमान मुंबईहून दिल्ली, बैरूटवरून जिनीव्हाकडे जात असता माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ११७ माणसे गेली. त्यांत अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा होते. ते व्हिएन्नास आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या बैठकीला निघाले होते. विमानाचे अवशेष त्याच दिवशी दिसले. फ्रेंच चौकशीत कारणही निघाले: विमानाचे एक दिशादर्शक यंत्र नादुरुस्त होते, आपण शिखर ओलांडले अशी वैमानिकाची समजूत झाली, नियंत्रकाने ती दुरुस्त करू पाहिली, पण त्याच्या बोलण्याचा अर्थ नीट पोहोचला नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, १९५० च्या नोव्हेंबरात, एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ याच पर्वतावर जवळजवळ त्याच जागी आदळून ४८ माणसे गेली होती. म्हणजे जागा घातकी आहे याचा पुरावा आधीच बर्फात पडलेला होता.

तरीही तर्क थांबले नाहीत. तेरा दिवसांपूर्वी ताश्कंदास लालबहादूर शास्त्री वारले होते. अपघाताच्याच दिवशी इंदिरा गांधींचा शपथविधी होता. आणि आज्ञा मिळाल्यास अठरा महिन्यांत भारत अणुबाँब करू शकेल असे भाभा तीनच महिन्यांपूर्वी नभोवाणीवर बोलले होते. या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की चौथी मनात आपोआप उभी राहते. परकीय हेरखात्याने विमान पाडले, मालात स्फोटक होते, इटलीचे लष्करी विमान त्यावर आदळले, असे अनेक पक्ष मांडले गेले व आजही मांडले जातात. त्यांपैकी एकही सिद्ध झालेला नाही. माँ ब्लाँची हिमनदी मात्र आपल्या गतीने साक्ष देत आहे: २०१२ त तिने भारत सरकारच्या राजनैतिक टपालाची थैली बाहेर टाकली, २०२० त त्या काळची भारतीय वर्तमानपत्रे. बर्फाने अद्याप जे परत केले त्यात कटाचा पुरावा नाही.

या उदाहरणावरून तर्काचे दुसरे मूळ दिसते. पुरावा नसणे हे एक मूळ झाले. कारण आणि परिणाम यांत प्रमाण असलेच पाहिजे असा मनाचा हट्ट हे दुसरे. एवढा थोर शास्त्रज्ञ, आणि एका बिघडलेल्या यंत्रामुळे व अर्धवट समजलेल्या वाक्यामुळे जावा, हे बुद्धीला पटले तरी अंतःकरणाला पटत नाही. मोठ्या मृत्यूला मोठा वैरी पाहिजे असतो. कटाच्या कल्पनेत भीती असते हे खरे, परंतु सांत्वनही असते: जगात निदान कोणाची तरी इच्छा चालते, सारे आंधळे नाही, असे ती सांगते. पुराणे वाचून घडलेल्या आमच्या मनाला तर शापावाचून नाश पाहण्याची सवयच नाही.

म्हणून आम्हांस असे वाटते की, लोकांचे तर्क सरसकट एका मापाने मोजू नयेत. ज्याचे माणूस गेले त्याचा तर्क निराळा, आणि ज्याचे काहीच गेले नाही त्याचा निराळा. पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही यात कोणाचे नुकसान झाले नाही. तोतयाच्या मागे फौज उभी करणाऱ्यांनी मात्र अनेकांचे जीव घेतले. मलेशियाच्या विमानातील उतारूंच्या आप्तांनी ‘आमची माणसे कोठे तरी असतील’ असे वर्षानुवर्षे म्हटले, तर त्यांच्यापुढे मौन धरणे हेच सभ्यपणाचे. परंतु दूर बसलेल्या आपण मंडळींनी चहाच्या पेल्याबरोबर वैमानिकाला खुनी ठरवणे ही गोष्ट वेगळी. त्यालाही घर आहे, मुले आहेत. २०१८ सालच्या मलेशियाच्या अधिकृत अहवालाने, विमान यंत्राच्या आपोआप चालीने नव्हे तर मनुष्याच्या हाताने वळवले गेले असावे असे म्हटले. पण तो हात कोणाचा हे ठरवता येत नाही, तिऱ्हाईताचा हस्तक्षेपही नाकारता येत नाही, असे स्पष्ट लिहिले. इतक्या परिश्रमानंतर शास्त्रज्ञ जेथे ‘माहीत नाही’ म्हणून थांबले, तेथे आपण पुढे जावे यास आधार कोणता?

‘माहीत नाही’ हे पाच अक्षरांचे वाक्य राज्यकर्त्यांच्या तोंडून वेळेवर निघाले असते, तर निम्मे तर्क जन्मासच आले नसते. आणि ते आपल्या तोंडून निघू लागले, तर उरलेले निम्मे फार काळ जगणार नाहीत. आमच्या शिक्षणाने आम्हांला उत्तरे पाठ करण्यास शिकवले. उत्तर नसता स्वस्थ राहण्याचे शिक्षण कोणत्याच परीक्षेस नेमलेले नाही. तर्क करूच नये असे आमचे म्हणणे नाही. उपग्रहाच्या हाकांवरून विमानाची दिशा काढणे हाही तर्कच होता. मात्र आपण कोठे चुकू शकतो हे तो आधी सांगत होता, आणि समुद्राने परत केलेल्या तुकड्याला परीक्षक मानण्यास तयार होता. जो तर्क कोणत्याही पुराव्याने खोटा ठरूच शकत नाही, प्रत्येक नव्या पुराव्याला कटाचाच भाग म्हणतो, तो तर्क नव्हे. तो हट्ट होय.

आपल्या पूर्वजांनी या अवस्थेचा विचार केला नव्हता असे नाही. देशांतरी गेलेल्या मनुष्याची वार्ता साधारणतः बारा वर्षे न लागल्यास पळसाच्या ३६० देठांची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यावा, व मग सुतक धरून उत्तरक्रिया करावी, असा विधी शास्त्राने सांगितला आहे. आमच्या जिल्ह्याच्या रानात पळसाला तोटा नाही. फाल्गुनात सारे जंगल पेटल्यासारखे दिसते. त्या देठांनी मनुष्य परत येत नाही हे विधी सांगणाऱ्यांस ठाऊक होते. परंतु वाट पाहण्यालाही कोठे तरी मर्यादा असावी, नाही तर घरातील जिवंत माणसेही हळूहळू नाहीशी होतात, हे त्यांनी ओळखले होते. इंग्रजी अमलातील १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने हीच मुदत सात वर्षे धरली, आणि २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने ती कायम ठेवली आहे. मलेशियाच्या सरकारने तर २९ जानेवारी २०१५ रोजीच, वर्ष पुरे होण्याच्या आत, हा अपघात व सर्व उतारू मृत असे जाहीर केले. ते नुकसानभरपाईसाठी आवश्यक असेल. पण वाट पाहणे थांबवण्याचा हुकूम कोणत्याही सरकारच्या हाती नाही.

आणि समुद्र कधी काय परत करील याचा नेम नसतो. आपल्या वायुदलाचे एक अँटोनोव्ह ३२ विमान २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना बंगालच्या उपसागरावर २९ माणसांसह नाहीसे झाले. त्याचेही शोध संपले, तर्क झाले, घरे थकली. २०२४ च्या जानेवारीत, साडेसात वर्षांनी, भारतीय शास्त्रज्ञांच्या जलयंत्राने चेन्नईच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे ३,४०० मीटर खोलीवर टिपलेल्या छायाचित्रांत त्याचे अवशेष दिसले. त्या २९ घरांना माणसे मिळाली नाहीत, स्थळ मिळाले. मलेशियाच्या विमानाचा शोधही २०२५ सालात पुन्हा हाती घेण्यात आला. तो सफळ होवो. तोवर त्या २३९ घरांच्या अंगणात आपल्या चातुर्याचा बाजार न भरवणे, एवढे तरी आपल्यासारख्या परक्यांच्या हाती आहे.